मथुराबाईचा पहिला वेचा

मित्रांनो, मी मारेगावच्या पुंडलिकराव मास्तरांच्या क्लासमधला एक जुना कॉम्प्युटर आहे. चालू व्हायला मला दहा मिनिटं लागतात, पण एकदा बोलायला लागलो की ऐकणाऱ्याची सुटका नाही. तेव्हा बसा निवांत.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. नागपूरच्या एका कार्यालयात चार वर्षं राबलो आणि जुना झालो म्हणून मारेगावला आलो. इथे काय माझी बडदास्त! मास्तर रोज मला मऊ फडक्याने पुसायचे, दसऱ्याला झेंडूची माळ घालायचे. पण पुढे कापसाची दोन-तीन वर्षं फार वाईट गेली. एकेका घराने पोरांना क्लासमधून काढलं. माझ्यासमोरच्या खुर्च्या रिकाम्या पडल्या, आणि खरं सांगतो, मला फार एकटं वाटायचं. शेवटी मास्तरांनी क्लास बंद करायचं ठरवलं. शनिवारी साडेदहाला गाडी येऊन आम्हां सगळ्या कॉम्प्युटरांना घेऊन जाणार होती.

त्याच दिवसांत मला मथुराबाई भेटली. तिची नात उर्वशी यवतमाळला डिप्लोमा शिकत होती आणि सुट्टीत मास्तरांना मदत करायला यायची. मथुराबाई तिचा डबा घेऊन आली आणि माझ्यातला सशाचा गेम बघून जी बसली, ती उठेचना. ससा उड्या मारत एकेक टप्पा ओलांडायचा. असे वीस टप्पे. मथुराबाई त्यांना शेतं म्हणायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण जन्मभर कापूस वेचलेली बोटं अशी चपळ, की विचारू नका.

"मले विसावं शेत पाहाचं हाय," ती म्हणाली.

मास्तर हसले. "मावशी, विसावं आजवर कोनीच नाही पाह्यलं."

त्यांचं खरं होतं. वीस शेतांना तीन तास लागायचे. भारनियमनात आमच्याकडे सकाळी लाइट असायची आठ ते साडेदहा. लाइट गेली की माझी स्मरणशक्ती कोरी, आणि बिचारा ससा पुन्हा पहिल्या शेतात. हा गेम जपून ठेवायची सोयच बनवणाऱ्याने केली नव्हती.

"थांब आजी, मी करतो काहीतरी," उर्वशी म्हणाली. वऱ्हाडात पोरीसुद्धा कधीकधी अशाच बोलतात.

तिने दोन गोष्टी लिहिल्या. एक स्क्रिप्ट, म्हणजे मला दिलेली कामाची चिठ्ठी: जपायचं बटण दाबलं की हे कर, या नावाच्या फाइलमध्ये ठेव. दुसरी असेंब्ली, ती तर माझी मायबोलीच. त्या बोलीत तिने मला सांगितलं की या घरापासून त्या घरापर्यंत आठवणीचा एकेक कण उचल आणि फाइलमध्ये भर. शेतात कपाशीच्या ओळीने वेचत जावं आणि ओटी भरावी, तसं ते काम. वाचायचं बटण वेगळं, ते दाबलं की सगळं जागच्या जागी परत.

शुक्रवारी ससा चौदाव्या शेतात पोचला आणि उर्वशीने जपायचं बटण दाबायला बोट नेलं. आजीने तिचा हात धरला.

"पयले सीतादही कर."

आमच्या भागात वेचणी सुरू होण्याआधी कपाशीच्या झाडाची पूजा करून दहीभात वाहतात. मथुराबाईने डब्यातला दहीभात काढला आणि सरळ माझ्या कीबोर्डच्या डोक्यावर ठेवला.

"आजी, तिथं नको, बटनात जाईन ते."

"अन् पयला वेचा अलग ठेव. तो कापूस देवाच्या वातीचा असते."

उर्वशीने कपाळावर हात मारला, पण बटण दाबून फाइल भरल्यावर आजीचं मन राखायला तिची एक प्रत केली आणि तिला 'वात' असं नाव दिलं.

शनिवार उजाडला. सव्वाआठला ससा चौदाव्या शेतातून निघाला, नऊला एकोणिसाव्यात पोचला. तिथे विहीर होती. ससा धपकन आत! उर्वशीने वाचायचं बटण दाबलं. ससा पुन्हा विहिरीत. अकरा वेळा दाबलं, अकरा वेळा बुडाला. दही आत झिरपून वाळलं होतं, आणि वाटेत एकदा दाबलेलं जपायचं बटण खालीच चिकटलं होतं. मी आज्ञाधारक, बुडता ससा मोठ्या निष्ठेने फाइलमध्ये भरत राहिलो होतो. मला इतकी लाज वाटली!

मथुराबाई पदराने डोळे पुसून रिकामा डबा बंद करू लागली. साडेनऊ झाले होते.

"आजी," उर्वशी एकदम उठली, "तुही वात हाय नं!"

तिने ते बटण नखाने वर काढलं, वात उघडली आणि ससा चौदाव्या शेतात जिवंत उभा. मग त्या बाईने जी बोटं चालवली! गाडी दारात आली, मास्तरांनी हमालांना हाताने थांबवलं. दहा पंचवीसला विसावं शेत आलं. त्यात काहीच नव्हतं. हिरवं गवत, ससा निवांत बसलेला, आणि जिंकणाऱ्याच्या नावासाठी रिकामी जागा.

"नाव लिहा म्हनते," उर्वशीने सांगितलं.

"कोनाचं?"

"तुहं."

उर्वशीने दाखवलेली सात बटणं मथुराबाईने एकेक करून दाबली. मग आपणहून जपायचं बटण दाबलं. पाच मिनिटांनी लाइट गेली. मास्तर हमालांना म्हणाले, "पाच न्या. हा इथंच राहू द्या," आणि नंतर मला उर्वशीच्या घरी दिलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना पुसत जा आणि नैवेद्य त्यांच्यापासून हातभर दूर ठेवा. पण घरातली म्हातारी माणसं काही अलग ठेवा म्हणाली, तर हसता हसता का होईना, ठेवा.

पुढचं मला उर्वशीकडून कळलं: नंतर ग्रामसभेत मथुराबाईपुढे शाईची डबी सरकवली, तेव्हा तिने अंगठा दिला नाही. पेन मागितला आणि वहीत इंग्रजी सात अक्षरं काढली, एकेक, बटणावर होती तशी. शिपाई म्हणाला, "मावशी, इंग्रजीत काहून?"

"मले एवढंच येते," ती म्हणाली.