पालथा कागद

"बाबा, निघाला का कागद?" वरच्या मजल्यावरून रुपेशनं ओरडून विचारलं.

"अडकला! थांब, काढून राह्यलो!" बबनरावांनी जिन्याखालच्या खोलीतून उत्तर दिलं आणि ते प्रिंटरचं मागचं झाकण उघडून बसले.

कारंज्यातल्या या घरात वर थोरला रुपेश राहतो, खाली धाकटा मुकेश. चार वर्षांपूर्वी पोरांची आई कोकिळाबाई गेल्या. वर्षश्राद्ध झालं नि दोन चुली झाल्या, मग बोलणं बंद झालं, मग दोघांनी एकमेकांचे फोनही ब्लॉक केले. सामाईक उरलं ते वायफाय आणि प्रिंटर. राऊटर जिन्याखाली ठेवलं की सिग्नल वरही पोचतो आणि खालीही, म्हणून प्रिंटर जिन्याखाली. आणि प्रिंटरमध्ये कागद भरायला कोणीतरी हवं, म्हणून बबनरावही जिन्याखाली. त्यांचं ताट एक आठवडा वरून येई, एक आठवडा खालून. सोमवारी सकाळी मात्र दोन्हीकडं वाटे की आता पाळी दुसऱ्याची.

बबनरावांनी एकतीस वर्षं तहसिलीच्या फाटकाशी टाइपिंग केलं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं. त्यांचा एक नेम सगळ्या तालुक्याला माहीत होता. कागद झाला की गिऱ्हाइकाच्या हातात तो पालथा द्यायचा, शेजारी उभ्या माणसाला एक अक्षर दिसता कामा नये. घरीही त्यांनी तोच नेम चालवला. वरून कोणी प्रिंट दिली की कागद न वाचता उलटा करायचा आणि जिना चढायचा. खालून दिली की मुकेशच्या दारात नेऊन द्यायचा. "बाबा वाचत नाईत," हे दोन्ही पोरांना पाठ होतं.

खरं सांगायचं तर त्यांना हे काम आवडत होतं. कागदाच्या निमित्तानं दोन्ही उंबरे ओलांडता येत. वर गेलं की रुपेशची लेक रक्षा वही दाखवायची, खाली मुकेशची बायको वर्षाली निदान "बसा" तरी म्हणायची. प्रिंटर एक आहे तोवर घर एक आहे, असं ते स्वतःला सांगत. म्हातारपणी माणूस कशाला धरून बसेल याचा नेम नाही.

हल्ली महिनाभर मात्र कागद उलटसुलट जात होते. रुपेश वरून सांगायचा, "बाबा, हा खाली देजा." दोन दिवसांनी मुकेश सांगायचा, "बाबा, हा वर नेऊन द्या." पोरं निदान लिहून तरी बोलत आहेत, या आनंदात बबनराव पायऱ्या चढत-उतरत होते.

आज कागद अडकला. ओढून काढला तेव्हा त्याचा चुरगळा झालेला. असा कागद कोणाच्या हाती द्यायचा, म्हणून त्यांनी तो मांडीवर ठेवून तळहातानं सरळ केला. आणि आपल्याच हातची एक ओळ त्यांना दिसली.

'त्यांना ताटापासून दूर करू नये.'

ही ओळ त्यांची होती. कोण्या वकिलाची नव्हे, कोण्या पुस्तकातली नव्हे. कोणतंही वाटणीपत्र असो, सातव्या कलमात ते स्वतःहून घालायचे: 'आई-वडील हयात असेपर्यंत दोन्ही भावांनी मिळून त्यांचा सांभाळ करावा, व त्यांना ताटापासून दूर करू नये.' वकील हसायचे. ही काय कायद्याची भाषा आहे, म्हणायचे. बबनराव म्हणायचे, "कायदा नसू द्या, पण म्हाताऱ्याले समजते ना." त्यांच्या जुन्या फायली रुपेशनंच कधीतरी स्कॅन करून ठेवल्या होत्या. आता घराच्या वाटणीला नमुना म्हणून बापाचाच कागद कामी आला होता.

फक्त 'दोन्ही भावांनी मिळून' तिथं नव्हतं. तिथं होतं, 'लहान भाऊ मुकेश याने.'

जन्मात पहिल्यांदा त्यांनी नेम मोडला. मुकेशचा परवाचा कागद वर न्यायचा राहिला होता. गुडघा धरला होता म्हणून तो खोलीतच पालथा पडला होता. तो त्यांनी उलटला. सातव्या कलमात होतं, 'थोरला भाऊ रुपेश याने.' पुढं तेच, ताटापासून दूर करू नये. त्या ओळीला दोघांनीही हात लावला नव्हता.

महिनाभर आपणच आपल्याला वरून खाली आणि खालून वर नेऊन टाकत होतो! बबनरावांना इतका संताप आला की वाटलं, प्रिंटर उचलावा आणि अंगणात आपटावा.

"बाबा, काऊन वेळ लागून राह्यला?" वरून पुन्हा आवाज आला.

"होते रे. खाडाखोड हाय थोडी."

त्यांनी पेन घेतलं आणि दोन्ही कागदांवरचं सातवं कलम पट्टी लावून खोडलं. खोडलं की बाजूला लहान सही करावी लागते, नाहीतर कागद ग्राह्य नाही. तीही केली. मग एकेक कागद काचेवर ठेवला. प्रिंटरच्या पडद्यावर रुपेशनंच घालून दिलेली दोन नावं आली: वर, खाली. त्यांनी दोन्ही नावांवर बोट ठेवलं, स्कॅन दोन्हीकडं गेला.

मग दार उघडं ठेवून ते खुर्चीत बसले. आता कोणीतरी येईल. 'काऊन खोडलं बाबा?' असं विचारायला दोघांतला एक तरी येईल, एवढीच त्यांची आशा होती. वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. खाली मुकेशचा टीव्ही बंद झाला. जिन्यावर पाऊल काही वाजलं नाही.

अर्ध्या तासानं प्रिंटर आपोआप जागा झाला. एक प्रत वरून आली, तिच्या पाठोपाठ एक खालून. बबनरावांनी दोन्ही सरळच वाचल्या. अक्षर न् अक्षर सारखं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा भावांचं एकमत झालं होतं. सातवं कलम गेलं होतं आणि आठवं वर सरकून सातवं झालं होतं: 'प्रिंटर थोरल्या भावाकडे राहील, राऊटर लहान भावाकडे राहील.'

मुकेश दारात आला. हसरा होता.

"बरं केलं बाबा. त्याच एका कलमावर सारं अडकून पडलं होतं."

"हो," बबनराव म्हणाले. "अडकलं होतं खरं."

त्यांनी वरची प्रत मुकेशच्या हातात दिली, पालथी. खालची प्रत पालथी करून काखेत धरली आणि कठडा धरून जिना चढू लागले.