हळदीच्या बॅनरवरचा पासवर्ड

पनवेलहून न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आनंदा भोपींचं दुमजली घर आहे. खाली घरची माणसं, वर भाडेकरू. आनंदाशेठना एका गोष्टीचा फार अभिमान. त्यांच्या दारातून तहानलेला कधी परत गेला नाही आणि वायफाय मागणाऱ्यालाही कधी नाही म्हटलं गेलं नाही. असं एखादं माणूस तुमच्याही आळीत असेल, वाचकहो! मन मोठं, पण कुलपाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या.

गेल्या वैशाखात त्यांच्या मुलाची, केतनची हळद झाली. आगरी घरातली हळद म्हणजे अख्खं गाव जेवायला. मांडवात मोबाइलला रेंज मिळत नव्हती, म्हणून शेठनी शक्कल लढवली. गेटवरच्या भल्यामोठ्या बॅनरवर, गॉगल घातलेल्या नवरदेवाच्या फोटोखाली, घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड ठळक अक्षरांत छापून टाकला. "पावण्यांनी मागाया नको न् आपून सांगाया नको," असं म्हणून स्वतःवरच खूश झाले. हळद झाली, लग्न झालं, अंकिता सून म्हणून घरात आली. मांडव उतरला, पण बॅनर तसाच राहिला. आपल्याकडे बॅनर चढवायला दहा जण धावतात, उतरवायला मात्र कुणालाच सवड नसते.

अंकिता पनवेलच्या कोर्टात वकिली करते. तिने दोनदा सांगून पाहिलं, "बाबा, तो पासवर्ड बदलू या ना."

"अगं, असले चोचले बँकांना! आमच्या वायफायमधून कोन काय चोरनार हाय?"

त्याच सुमारास एक विक्रेता कसलंसं महागडं सुरक्षा यंत्र घेऊन दारात आला होता. किंमत ऐकून शेठनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. सुरक्षा हा श्रीमंतांचा नाद, हे त्यांचं मत त्या दिवसापासून पक्कं झालं.

आणि एका सकाळी दारात पोलीस उभे राहिले.

खारघरच्या दिपिका नावाच्या परिचारिकेच्या फोटोनिशी कुणीतरी सोशल मीडियावर खोटं खातं उघडलं होतं आणि तिच्या ओळखीच्यांना नको नको ते मजकूर पाठवले होते. पोरगी तोंड लपवून घरात बसली होती. ते मजकूर ज्या इंटरनेट जोडणीवरून गेले, ती निघाली आनंदा भोपींच्या नावावर. चौकशीसाठी येऊन माहिती द्या, अशी नोटीस पोलिसांनी शेठच्या हातात ठेवली. शब्द एकही वावगा नव्हता, पण शेजारच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. शेठनी घाईघाईने दार लावून घेतलं.

घाबरलेल्या माणसाला कुणीतरी दोषी लागतोच. शेठची नजर वरच्या खोलीकडे वळली. तिथे हमझा राहत होता. श्रीवर्धनकडचा, न्हावा शेव्याच्या एका कंटेनर कंपनीत कामाला, आठवड्यातले निम्मे दिवस दार लावून लॅपटॉपवर. बाहेरगावचा, एकटा, आपल्या जातीधर्माचा नाही. एवढ्या पुराव्यावर शेठनी निकाल देऊन टाकला!

"आजच्या आज खोली खाली कर!"

"चाचा, माझा कसूर तरी सांगा."

"कसूर तुला म्हाईत हाय. पोलीस काय माझ्यासाठी आलं होतं?"

हमझाचा चेहरा पडला. "तुम्हीच असं बोललात तर या गावात मला दुसरी खोली कोण देईल? आणि ही गोष्ट कंपनीत कळली तर नोकरी तरी राहील का?"

शेठनी ऐकून घेतलं नाही. उलट समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन चार लोकांत सांगून आले की माणूस सापडला.

अंकिता कोर्टातून लवकर परतली तेव्हा हमझा जिन्यात बसून गादीला दोरी बांधत होता. तिने त्याच्याकडून सगळं ऐकलं, दोरी त्याच्या हातातून काढून घेतली आणि सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, जरा टपरीवर या माझ्याबरोबर."

टपरीच्या बाकावर एक ट्रेलरवाला मोबाइलवर कुस्ती बघत बसला होता. अंकिताने सहज विचारलं, "भैया, नेट अच्छा चल रहा है?"

"एकदम बढ़िया, मॅडम! वो सामने बॅनर पे लिखा है ना. हम सब गाड़ीवाले इसीलिए तो इधर रुकते हैं."

शेठनी मान वळवली. रस्त्यापलीकडून केतन गॉगलमधून हसत होता आणि त्याच्या खाली तो पासवर्ड. पावसात रंग उडाला होता, पण टपरीवरून अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

"आता या भाऊंनाही गुन्हेगार म्हणाल?" अंकिताने विचारलं. "इथे थांबणारा कुणीही तुमच्या नावाने काहीही पाठवू शकतो. कायदा आधी जोडणी ज्याच्या नावावर, त्याच्याकडे येतो. त्यात गैर काही नाही. पण पोलिसांनी तुम्हाला नुसतं विचारलं, बाबा. चोर म्हटलं नाही. तुम्ही हमझाला काय विचारलंत?"

शेठ बॅनरकडे बघतच पुटपुटले, "मग आता ते महागाचं यंत्र घ्यावं लागंल का?"

"छे! पासवर्ड बदलायला दमडी लागत नाही. राउटरच्या सेटिंगचा कंपनीने दिलेला पासवर्डही बदलायचा. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय त्याच डब्यात चालू करता येतं, तेही फुकट. तुमचं दार उघडंच राहू दे की. फक्त दारातून कोण आत आलं, ते घरच्याला ठाऊक हवं."

अरे देवा! जे काम चहा थंड व्हायच्या आत झालं असतं, त्यासाठी एका निरपराध माणसाचं बिऱ्हाड जिन्यात आलं होतं!

शेठ ताडकन उठले. टपरीवरच्या लोकांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "मगाशी बोललो ते खोटं हाय. पोराचा काय गुन्हा नाय. चूक माजी हाय, ती बगा तिकडं टांगलीय!" मग घरी जाऊन शिडी आणली आणि कुणाला हात लावू न देता तो बॅनर स्वतः उतरवला.

जिन्यात हमझासमोर ते हात जोडून उभे राहिले. "पोरा, मी घाबरलो न् तुला बळी दिला. माफ कर. गादी वर ने."

हमझा गादी उचलून वर गेला. राग गेला नव्हता, आणि तो एका माफीने जावा अशी शेठचीही अपेक्षा नव्हती.

अंकिताने मोबाइलवर सेटिंग उघडून दिलं. शेठचा चष्मा सापडेना. त्यांनी हमझाला हाक मारली. "तूच टाक बाबा नवा पासवर्ड. माजा इश्वास हाय तुज्यावर."

हमझा खाली आला, पण त्याने मोबाइल हातात घेतला नाही. "नाही चाचा, तो तुम्हीच टाका. मला वायफाय पाहुण्यांचं चालेल." आणि पासवर्ड नजरेस पडू नये म्हणून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

त्याची ती पाठ बघून शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. एक एक अक्षर शोधत त्यांनी पासवर्ड टाकला.

दुसऱ्या दिवशी शेठनी पोलिसांना बॅनरची गोष्ट काही न लपवता सांगितली. पुढे गुन्हेगार सापडला. दिपिकाच्या जुन्या ओळखीतला, येता-जाता त्याच टपरीवर चहाला थांबणारा. पण शेठची माफी त्याच्या सापडण्यावर अडली नव्हती, हे महत्त्वाचं.

मित्रांनो, आपल्या घरच्या वायफायवर नाव आपलं असतं, तेव्हा त्याची राखणही आपलीच. तिला पैसे लागत नाहीत, थोडी काळजी लागते. आणि ती घ्यायची राहून गेली, तर निदान आपल्या हलगर्जीपणाचा गुन्हेगार शेजारच्या खोलीत शोधायला जाऊ नका!