लोकरीच्या कोटाची तंजावरी नोकरी

मी लोकरीचा कोट बोलतोय, आणि तोही तंजावरचा. हसलात ना? हसा. जिथे चैत्रात खांद्यावरचा पंचाही जड होतो, तिथे माझं काय काम, असं मलाही वाटायचं.

माझा जन्म लुधियानाचा. भांड्यांचे व्यापारी सेतुरामराव एकदा जर्मनीतलं प्रदर्शन बघायला निघाले, तेव्हा त्यांनी घासाघीस करून मला घेतलं. परत आल्यावर मी कपाटात, कडुलिंबाच्या पाल्यात. पण व्यापाऱ्याला पडून राहिलेला माल बघवत नाही. गल्लीतलं कुणी परदेशी निघालं की राव मला खांद्यावर टाकून त्याच्या दारात हजर. "न्या हो! भाडं नको. येताना खिशात चॉकलेट तेवढं टाका." रावांना साखरेचा आजार, घरात गोड बंद. बायको सगळे डबे हुंगायची, पण माझे खिसे कधी तपासले नाहीत.

असा मी पुष्कळ फिरलो. गल्लीतल्या वेंकूबाई लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेल्या, तेव्हा नऊवारीवरसुद्धा चढलो. पण सेवेसाठी मला नेणारी नंदिता पहिलीच.

नंदिता शेजारच्या रंजनाची मुलगी. कॉलेजच्या चर्चतर्फे तिला वर्षभर जर्मनीतल्या वृद्धाश्रमात सेवा करायला जायचं होतं. धर्माची अट नव्हती, म्हाताऱ्या माणसांची सवय हवी होती. ती व्हावी म्हणून पोरगी रोज स्कूटीवरून इथल्या आश्रमात जायची, तिथल्या आज्यांना तांदळाची पातळ कंजी भरवायची, त्यांच्या वेण्या घालायची. फार कौतुक व्हायचं. घरी तिची स्वतःची आजी, तिची पाट्टी शेषम्मा, आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. तिला कंजी रंजना भरवायची, शाळेत शिकवून आल्यावर.

शेवटी उरली चर्चच्या पास्टरांची घरभेट. ते हो म्हणाले तरच जाणं. नंदिताचा जीव टांगणीला लागला होता. त्या दिवशी राव मला घेऊन आले, तर तिने मला अंगावरच चढवलं.

"कन्ना, मे महिना आहे," राव म्हणाले.

"तयारी दिसायला नको, मामा?"

पास्टर आले, बसले. नंदिता घामाने निथळत होती, अस्तरापर्यंत भिजवलं मला. पण बोलली सुरेख. सेवा, त्याग, करुणा. रावांनी तर डोळे पुसले. माझ्या मते तो उकाड्याचा घाम होता.

एवढ्यात आतून हाक आली, "पाणी गं..."

नंदिताने बोलणं न थांबवता मान वळवली. "अम्मा, पाट्टीला पाणी दे गं! हां, तर पास्टर, सेवा म्हणजे..."

रंजनाचे हात वड्याच्या पिठात. कुणीच हललं नाही. रावांना खोकला आला. पास्टर उठले, समोरचा पेला उचलून स्वतःच आत गेले. मग कुठे नंदिताच्या लक्षात आलं. ती मागे धावली. माझ्याखाली तिचं काळीज कसं उडत होतं, ते मलाच ठाऊक.

म्हातारी पाणी प्यायली. पास्टरांनी विचारलं, "काय पाट्टी, नातीला पाठवू?"

शेषम्मा नंदिताकडे बघत राहिली. "हे काय घातलंस गं, अस्वलासारखं?" मग पास्टरांना म्हणाली, "तिकडे हिची अम्मा असणार नाही ना?"

"नाही."

"मग पाठवा. शिकेल."

आता मी जर्मनीत एका खुंटीवर आहे. नंदिता ज्या बाईंना हाताला धरून फिरवते, त्यांची नात पेरू देशात गेली आहे, कुणाच्या तरी आजीची सेवा करायला. बाई तिचा फोटो अभिमानाने दाखवतात. नंदिता तो बराच वेळ बघते, मग घरी फोन लावते.

परदेशी निघणाऱ्यांनो, खुशाल मला मागा, राव नाही म्हणणार नाहीत. फक्त मला चढवण्याआधी आतल्या खोलीत जाऊन या, कुणाला काही हवंय का ते विचारून. एकदा मी अंगावर आलो की मग वाकायला जमत नाही.