भिंगवाल्या काकांचा कोट

कोपऱ्यावरची लॉन्ड्री चालवणाऱ्या बाईंना अख्खी गल्ली वहिनी म्हणे. कपड्यांच्या ढिगाने वहिनी कधी मेटाकुटीला आल्या नाहीत. ते काम एकट्या भिंगवाल्या काकांनी केलं. या गृहस्थांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद झालं, भिंग सुटलं नाही. धुऊन आलेला शर्ट काउंटरवर पसरायचा, डोळ्याला भिंग लावायचं आणि विचारायचं, "ही कॉलर माझ्यावर रुसलीय का?" मागे गिऱ्हाईकं खोळंबलेली.

"हा माणूस दुसरीकडे का मरत नाही जायला?" मागच्या खोलीत दीर कपाळावर हात मारी.

आणि नेमका त्यांचाच कोट जळाला. फोन वाजला, वहिनींचं लक्ष उडालं, करड्या लोकरी बाहीवर इस्त्रीचा तांबूस ठसा उमटला.

"रफू करून देऊ," दीर म्हणाला. "विचारलंच, तर आला तेव्हाच असा होता म्हणायचं."

"भाऊजी, त्यांना टाका कुठे सुरू झाला तेसुद्धा दिसतं. आणि एकदा खोटं बोलले की ते जन्मभर सांभाळा! आधीच डोक्याला ताप काय कमी आहे?"

काका आले तेव्हा वहिनींनी कोट उलगडून बाही पुढे केली. "काका, माझ्या हातून जळला. चूक माझी. म्हणाल तशी भरपाई देते."

मग काय विचारता! काकांनी दुकान डोक्यावर घेतलं. हात आहेत की चिमटे, इथपासून सुरुवात झाली. शेवटी "पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नाही" म्हणत, भरपाईचं नावही न काढता, कोट काखोटीला मारून ते तरातरा निघून गेले.

"सुंठीवाचून खोकला गेला," दीर खूश झाला. वहिनींनाही हायसं वाटलं. पण रात्री जेवताना तो कोटच डोळ्यांपुढे येत राहिला. त्या स्वतःवरच वैतागल्या. गेला तर गेला, आपल्याला कशाला चुटपुट?

महिनाभराने काका दारात हजर. हातात पडदे, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"चौकातल्या नव्या लॉन्ड्रीत दिले होते. वीतभर आटवले! आणि वर हसत म्हणतात, तुमची खिडकीच मोठी असेल. खिडकी वाढते का गं कधी?"

वहिनींनी ओठ दाबून हसू आवरलं. "पण काका, कोट तर मीच जाळला होता."

"जाळलास की! अजून बघितला की जीव जळतो. पण जाळलास ते तूच सांगितलंस. त्या गोडगोड बोलणाऱ्यांचं मी काय काय तपासत बसू?" ते मागे वळले. "ये गं आत. ही माझी थोरली बहीण. माझ्यापेक्षा चिकित्सक आहे."

दीर हळूच मागच्या दाराने सटकला.

बहिणीने काउंटरवर गाठोडं सोडलं. वहिनींनी वरचीच शाल उजेडात धरली. "आजी, हा डाग निघायचा नाही. आत्ताच सांगते."

"का नाही निघायचा?" म्हणत आजींनी स्टूल पुढे ओढलं आणि ऐसपैस बसल्या.

वहिनींनी एक खोल सुस्कारा सोडला आणि समजावायला सुरुवात केली.