बुधवारचा उपास

"हात नको लावू, चतुरामाय. किनारा खुद उठेल. तब उचल."

लतीफाचं चैत्रातलं ते मोडकंतोडकं बोलणं चतुराबाईच्या कानात होतं, तरी तिनं घाई केलीच. पातेल्याच्या तोंडावर फडकं ताणून बांधलं होतं आणि त्यावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर वाफेनं नुकता कुठे पारदर्शक होत होता. तिचं नख लागलं आणि पापडी मधोमध फाटली.

"पौषात सालपापड्या?" ओसरीवरून बबनराव म्हणाले. "अंगनात ऊन तं पाहुन्यासारखं येते नं जाते. वाळवशीन कुठी, माह्या टकलावर?"

"वाळवाच्या नाईत. ओल्याच पायजेत," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, आणि फडक्यावर पुन्हा पळीभर पीठ पसरलं.

पलीकडच्या घरातून खोकल्याची उबळ ऐकू आली. तिचा हात थांबला.

पलीकडे म्हणजे भिंतीला भिंत लागून हाजराबीचं घर. हाजराबीचा इब्राहीम रंगूनला कापडाच्या दुकानात कामाला होता. लढाई तिथवर पोचली तेव्हा तो बायकोला घेऊन डोंगर-जंगलातून पायी निघाला, आणि हाडं उरलेली ती दोघं एक दिवस अनसिंगला येऊन पोचली. बायको तिकडचीच. निकाहात तिचं नाव लतीफा ठेवलेलं. तिच्या आईबापानं ठेवलेलं नाव गल्लीत कुणाच्या जिभेवर बसलं नाही, आणि फार कुणी विचारलंही नाही.

चतुराबाई नेमाची बाई. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात थेंब घ्यायची नाही. सोमवार आणि एकादशी कधी चुकली नाही. देवाचं नाव घेऊन खोटं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. गेल्या चैत्रापर्यंत नव्हतं.

चैत्रात तिच्या अंगणात सालपापड्यांचं काम निघालं होतं. वडाच्या पानांवर पीठ पसरून वाफवायचं आणि साल सोलावी तशी पापडी सोलून खाटेवर वाळत घालायची. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. भिंतीतल्या खिडकीतून लतीफा बघत होती. पानावरून पहिली ओली पापडी सुटली तशी ती घरात पळाली, आणि थोड्या वेळानं दारातून आली ती ताट घेऊनच. काकडीच्या बारीक काड्या, मोड आलेले मूग, मूठभर कोथिंबीर. वाटीत चिंचगुळाचं पाणी, त्यात लाल मिरची आणि कुटलेले शेंगदाणे.

"माझी माँ बनवायची," ती म्हणाली. "ऐसाच कागज. पण पान नको, कपडा. कपड्यावर और पतला होतो." मग तिनं पातेल्यावर फडकं बांधून दाखवलं. पापडी तळहातावर घेतली, मधे भाजी ठेवली, दोन्ही कडा आत मुडपल्या आणि लहान लेकराला दुपट्यात गुंडाळावं तशी घट्ट वळली. आतली हिरवी कोथिंबीर बाहेरून दिसत होती. "रंगूनमध्ये या पाण्यात मछली. इथं नाही टाकली. चतुरामायसाठी नाही टाकली."

आणि पहिली गुंडाळी तिनं चतुराबाईच्या पुढे धरली.

तांदूळ चतुराबाईचा, पीठ तिनं आंबवलेलं, चूल तिची. मधे फक्त लतीफाचे हात आले होते. बायकांचे हात थांबले. गोजराबाईनं पदर तोंडाशी नेला आणि म्हणाली, "घे नं वं चतुरे. रंगूनचा मेवा हाये. आमी पाह्यतो."

"आज माहा उपास हाये," चतुराबाई म्हणाली.

बुधवार होता. चतुराबाई बुधवार धरत नाही, हे अंगणातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. लतीफाला तेवढं ठाऊक नव्हतं. तिनं घाईघाईनं हात मागं घेतला, जणू चूक तिचीच झाली होती. "बुधवारला उपास? माफ कर, चतुरामाय."

तो पडलेला चेहरा बघवेना, म्हणून चतुराबाई आणखी बोलून गेली. "मंग खाईन. तुह्याच हातचं खाईन. तुळशीपाशी सांगतो."

त्या रात्री तिनं भाकरी खाल्ली. खिडकीकडे पाठ करून खाल्ली. पुढं पावसाळा आला, पेरण्या आल्या, आणि दिलेला शब्द तिनं हळूच विसरल्यासारखा केला.

पौष लागला आणि लतीफानं अंथरूण धरलं. जंगलातून आणलेला ताप तिला सोडतच नव्हता. एका दुपारी हाजराबी खिडकीशी आली. कपाळाला हात लावून म्हणाली, "काय करू वं चतुरा? पेजेचं पानी बी घेत नाई. म्हनलं, कांदा परतून थोडा शोरबा करतो, तोंडाले चव येईन. तं हात धरते माहा. म्हनते, आज बुधवार, चतुरामायचा उपास, कांद्याचा वास तिकडं जाईन."

चतुराबाईला आधी समजलंच नाही.

"आज नाई, चैत्रापासून असंच," हाजराबी म्हणाली. "बुधवारी आमच्याकडं कांदा नाई, गोश नाई. इब्राहीम चिडते. ही आयकत नाई. म्हनते, इथं मले माय म्हनाले एकच बाई हाये, तिचा नेम माह्यानं मोडाचा नाई."

चतुराबाईनं खिडकीची चौकट धरली.

हाजराबी तिच्याकडे बघत राहिली. म्हातारीच्या नजरेत राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "तुहे सोमवार मले ठावं, एकादशी ठावं. इतकी वर्सं शेजार हाये आपला. बुधवारचं म्या कदी आयकलं नवतं. पन म्या तिले काई सांगतलं नाई. तिले वाटू दे."

संध्याकाळी चतुराबाई तुळशीपुढे बसली, पण माळेचा मणी पुढं सरकेना. आजपासून बुधवार खराच धरावा, असं आधी मनात आलं. खोट्याचं खरं होईल, कुणाला कळणारही नाही. मग वाटलं, तसं केलं तर पलीकडे कांदा कधीच परतला जाणार नाही. ती पोर तापातही उपाशी राहील, आणि पुण्य मात्र माझ्या पदरात. देवाला हे कसं सांगायचं? दिवा वाऱ्यानं फडफडला. तिनं हाताचा आडोसा धरला, उठली आणि तांदूळ भिजत घातला.

तांदूळ भिजला, वाटला, पीठ आंबलं, तोवर आठवडा गेला. आज पुन्हा बुधवार होता.

आता तिनं वाट पाहिली. हात लावला नाही. वाफ बसू दिली. थरावरचा ओला चकाकता रंग गेला आणि कडा आपली आपण वर उठली. तिनं दोन बोटांनी ती धरली. पापडी अख्खी सुटली; इतकी पातळ, की तिच्या पलीकडे चुलीचा जाळ दिसला. मग एकेक होत गेली. ओल्या फडक्यात थर लावून तिनं परातीत ठेवल्या. शेजारी काकडी, मूग, कोथिंबीर. चिंचगुळाच्या वाटीत शेंगदाणे कुटून घातले. कोथिंबिरीच्या बाजूला कांद्याची पातही चिरून ठेवली.

एकही गुंडाळी तिनं वळली नाही.

"अर्धंच काम केलं नं तुनं," बबनराव परातीत डोकावून म्हणाले.

"राह्यलेलं माहं नोहे."

पदर सारखा करून तिनं परात उचलली. खिडकीतून वाटी द्यायची रीत होती, पण ती खिडकीकडे गेली नाही. अंगणाच्या दारानं बाहेर पडली. गोजराबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती.

"कुठी निंगाली वं परात घेऊन?"

"लतीफाकडं. जेवाले."

गोजराबाईचा हात सुपातच राहिला. मग तिला हसू आलं. "जेवाले? अवं, आज बुधवार नं? उपास हाये नं तुहा?"

"नाई," चतुराबाई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण समोरच्या ओट्यापर्यंत गेला. "बुधवारी माहा उपास कदीच नवता. तिले बी तेच सांगाले चालली."

गोजराबाई खाली मान घालून तूर निवडू लागली.

गल्लीला वळसा घालून हाजराबीच्या पुढच्या दाराकडे जायचं होतं. वाटीतलं पाणी हिंदकळू नये म्हणून चतुराबाई जपून पावलं टाकू लागली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. उपास म्हणून नव्हे, भूक राहावी म्हणून.