गोलातल्या सह्या

आमचा छापखाना म्हणजे एक कुटुंब आहे, असं मालक नेहमी सांगत. त्यांच्या खोलीचं दार सगळ्यांना उघडं होतं. फक्त यायचं एकेकट्यानं. टेबलासमोर खुर्चीही एकच.

कागद कापायच्या मशीनच्या पात्यापुढे लोखंडी जाळी होती. तिच्यामुळे काम रेंगाळतं म्हणून मालकांनी ती काढून माळ्यावर टाकली. महिन्याभरात मशीनवरच्या मामांच्या बोटाचं टोक गेलं. जाळी परत बसवा, असं सांगायला मामा गेले आणि चहा पिऊन आले. नऊ बोटं शाबूत आहेत याकडे मालकांनी मायेनं लक्ष वेधलं होतं. मग पुस्तकं शिवणारी अक्का गेली. तुला कोणी पढवलं, एवढंच तिला विचारलं गेलं. मी प्रुफं तपासणारा. दारापर्यंत गेलो, पायपुसणं सरळ केलं आणि परत आलो.

"काका, एवढी पुस्तकं वाचता," अक्का म्हणाली, "एखाद्यात काही कामाचं असलं तर बघा की."

होतं. जुने खलाशी कप्तानाकडे तक्रार करताना गोलात सह्या करत, म्हणजे पहिला कोण ते कळत नसे. मी खळीच्या डब्याचं झाकण ठेवून वर्तुळ काढलं. जाळी बसेपर्यंत मशीन कोणीही चालवणार नाही, असं आत लिहिलं. भोवती चौदा सह्या झाल्या. माझी एखाद्या कोपऱ्यात करावी म्हणून बराच वेळ शोधलं. गोलाला कोपरा नसतो.

चौदाही जण खोलीत शिरलो. खुर्चीवर कोणी बसलं नाही. मालकांनी कागद दोनदा फिरवून पाहिला.

"यात पहिला कोण?"

"जिथून वाचाल तिथून," मामा म्हणाले.

"बरं, मी एकेकाशी बोलतो."

"ते झालं, साहेब. आता सगळ्यांशी बोला."

बाहेर शाळेची पुस्तकं कापायची थांबली होती. सोमवारी ती पोचवायची होती. मालक सगळ्यांशी बोलले. संध्याकाळी जाळी माळ्यावरून उतरली.

दुसऱ्या दिवशी फलकावर लावायची सूचना माझ्याकडे तपासायला आली: व्यवस्थापनाच्या दूरदृष्टीमुळे मशीनला जाळी बसवण्यात आली आहे. चूक होती, पण शुद्धलेखनाची नव्हती. म्हणून तशीच जाऊ दिली.

खळीच्या डब्याचं झाकण मात्र मी अजून परत केलेलं नाही.