साखरेची नळी

थोरल्या ताईच्या ओढणीला क्लोरोफॉर्मचा गारसर, गोड वास यायचा. माघातल्या कलत्या उन्हात ती वरवंडच्या फाट्यावर एसटीतून उतरली, की तोडलेल्या उसाच्या दरवळात तो वास मिसळायचा आणि मला उगाचच वाटायचं, घरी कुणीतरी मोठं माणूस आलंय.

दौंडच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात स्निग्ध द्रव्याचे, डोळ्यांना न दिसणारे फुगे करायची. त्यांच्या पोटात औषध भरता येतं. पण वाळवताना त्यांचा नाजूक पडदा चिरतो आणि आतलं सगळं बाहेर येतं. निघून जाणाऱ्या पाण्याच्या जागी साखर बसली, तर पडदा तगेल आणि वीज नसलेल्या गावातही ते औषध फ्रीजवाचून टिकेल, एवढ्या एका आशेवर तिनं उमेदीची वर्षं हसत खर्ची घातली. आमच्या वडिलांना, आप्पांना, ते पटायचं नाही. "साखर घातली की मुंग्या येत्यात, आन् काय व्हतंय?" असं ते म्हणत आणि ताई त्यांच्याहून मोठ्यानं हसे.

या खेपेला पडदा फुटला तर विषय सोडायचा, असं तिच्या मार्गदर्शकांनी बजावलं होतं. त्या प्रयोगाच्या दिवशी आप्पा आणि मी मुद्दाम दौंडला गेलो. फुग्यांत औषधाऐवजी रंग भरून तिनं ते दोन नळ्यांत वाळवले होते, एकीत साखर, दुसरी बिनसाखरेची. तिनं दोन्हींत पाणी सोडलं, खिडक्या लावल्या आणि निळा दिवा पेटवला. एक नळी हिरवीगार उजळली. दुसरी मळकट, नारिंगीच राहिली.

"जमलं गं पोरी!" आप्पांनी टाळी वाजवली. मग ताईचे भरलेले डोळे बघून त्या मंद नळीकडे बोट करत हळूच म्हणाले, "हिचं नगं मनाला लावून घिऊ."

"आवं आप्पा, उजेड पडला ती फुटली. आत दाटीत रंग चमकत न्हाई, बाहेर पाण्यात सांडला तरच चमकतो. ही साखरेची. शाबूत हाय ही!"

"मंग मी टाळी कुणाला दिली?"

ताई रडता रडता हसत सुटली. त्या क्षणाइतका तिचा अभिमान मला कधीच वाटला नाही.

ताई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्याविषयी कुणी विचारलं, तर दोन वाक्यांपुढं मला बोलता येत नाही; काळानं पुष्कळ काही सुकवून नेलं, पण तिची आठवण अजून कुठंही चिरलेली नाही, आणि म्हणूनच बहुधा ती कुणाला चमकताना दिसत नाही.